मागची डावी दांडी

एडविन बॅगशॉने एकोणचाळीस वर्षं डर्बीच्या एका कारखान्यात मोजमापं तपासली होती. दुसऱ्याने मोजलेलं पुन्हा मोजायचं, हाच त्याचा धंदा. निवृत्तीनंतर धंदा सुटला, खोड सुटली नाही. दुकानातून आणलेला पावसुद्धा तो वजनकाट्यावर टाकून बघायचा. मुलगी टेसा हिने कॉलम नावाचा मुलगा घरी आणला, तेव्हा त्याने गुपचूप कॉलमच्या मालकाला फोन लावून चौकशी केली. ते टेसाला कळलं आणि पुढे दोन वर्षं ती बापाशी एक शब्द बोलली नाही.

यंदा फेब्रुवारीत ती आपण होऊन आली. जूनमध्ये लग्न ठरलं होतं.

"मी लहान असताना म्हणायचात, जुन्या उघड्या गाडीतून तुला चर्चला नेईन. तसं न्या," ती म्हणाली. "आणि त्या दिवशी कोणावरही संशय घ्यायचा नाही. दोनच गोष्टी मागतेय, बाबा."

"कबूल," बॅगशॉ म्हणाला. पोर परत आली होती. तिने चंद्र मागितला असता तरी तो कबूलच म्हणाला असता.

मार्चमध्ये त्याने बक्स्टनच्या मिसेस हॅलमकडून गाडी घेतली. १९३४ ची कॅल्डर, गर्द हिरवी, चार जणांची. नवरा गेल्यावर बाईंनी ती तीन वर्षं झाकून ठेवली होती. कागद हातात देताना त्या म्हणाल्या, "मागच्या डाव्या बाजूचं काही बदलू नका हं. हॅलमनी ते फार विचार करून बसवलंय."

बॅगशॉने मान डोलावली आणि मनात म्हटलं, इथेच कुठेतरी पाणी मुरतंय. घरी येताच त्याने पहिल्यांदा मागची डावी बाजूच जॅकवर उचलली.

या जुन्या गाड्यांच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरची रचना साधी असते. गाडीच्या सांगाड्याला एक जड डबी, डबीतून निघालेला लोखंडी हात, आणि त्या हाताच्या टोकापासून खाली चाकांच्या अ‍ॅक्सलपर्यंत छोटीशी दांडी. गाडी सपाट जागी उभी असताना तो हात आडवा, सरळ राहिला पाहिजे. दांडीची लांबी चुकली की हात एका टोकाला जाऊन अडतो आणि प्रत्येक खड्ड्यात ठक्‌ करून आपटतो.

तीन दांड्या सव्वापाच इंचांच्या होत्या, कारखान्याच्या मूळ नकाशात होत्या तशाच. मागची डावी मात्र साडेचार इंच होती. घरी केलेली, पण काम सोनाराचं. सगळ्यांच्या टोकांची रबरं सुकून भुगा झाली होती, त्यामुळे बदलणं भागच होतं. पाऊण इंचाची चूक इतक्या निगुतीने कोणी का करावी, हे बॅगशॉला कळेना.

मॅटलॉकजवळ क्लेमेंट फ्रॉगट राहायचा. कॅल्डर मालकांच्या मंडळाचे सुटे भाग त्याच्या शेडमध्ये असत. त्याने चहाचा मग पुढे केला आणि दांड्यांचं खोकं बाकावर उपडं केलं. बॅगशॉ खिशातली व्हर्नियर मोजपट्टी काढून एकेक मोजू लागला.

"मोजा साहेब, मोजा. माझ्या शेडमधला चहापण मोजून घ्या," फ्रॉगट हसला. मग जुनी साडेचार इंची दांडी त्याच्या नजरेस पडली आणि हसू मावळलं. "ही हॅलमची गाडी घेतलीत होय?"

"का?"

"मग नव्या तीन लांब घ्या, आणि चौथी या मापाची. माझ्याकडे आहे एक. त्याच्यासाठीच करून ठेवली होती."

"नकाशात सव्वापाच आहे."

"नकाशा काढणाऱ्याने ही गाडी पाहिली नव्हती."

"मागे डावीकडे असं काय आहे तिच्यात?"

फ्रॉगटने मान हलवली. "मला माहीत नाही. हॅलमलाही मी विचारलं नाही. आखूड घ्या, एवढंच सांगतो."

बॅगशॉला वाटलं, चार दांड्या एकसारख्या विकत घेतल्या तर याचा पडून राहिलेला माल खपणार कसा? किंवा बाई आणि हा दोघं मिळून वाकलेला सांगाडा लपवत असतील. जुन्या गाड्यांच्या शौकिनांत मूळ नकाशा म्हणजे धर्मग्रंथ, आणि बॅगशॉसारखा माणूस त्यातला अल्पविराम बदलणार नाही. त्याने सव्वापाच इंचाच्या चार दांड्या निवडल्या. फ्रॉगटने आखूड दांडी फुकट देऊ केली. मग तर त्याचा संशय दुप्पट झाला आणि ती त्याने घेतली नाही.

दांड्या बसल्या. गॅरेजची फरशी सपाट, गाडी रिकामी. तीन हात आडवे, सरळ. मागचा डावा पाऊण इंच वर उचललेला.

म्हणजे त्या बाजूला गाडी खाली बसली होती. कमानपाटा, म्हणजे चाकावरची स्प्रिंग, थकला असणार. त्याने मागचे दोन्ही पाटे काढून डाव्याचा उजवीकडे, उजव्याचा डावीकडे लावला. दोन दिवस गेले. उतरलेली बाजू डावीच राहिली.

मग त्याने चार चाकांखाली ठेवायचे चार वजनकाटे कोणाकडून तरी मागून आणले. मागच्या डाव्या चाकावर बारा स्टोन, म्हणजे पंचाहत्तरेक किलो, जास्त भरले. अंगाने भरलेल्या पुरुषाचं वजन. कोणीतरी शिसं दडवलंय, असं ठरवून त्याने लाकडी तळ उचकटला. तळाखाली धूळ आणि पेनीचं एक जुनं नाणं होतं.

शेवटी त्याने मागची डावी गादी उचलून बाहेर ठेवली. गादी सहा पौंडांची. काटा बारा स्टोनने खाली आला.

त्याने गादी परत जागेवर ठेवली. काटा होता तिथेच राहिला. बॅगशॉ बघत उभा राहिला. मिनिटभराने काटा हळूहळू चढला, गुडघे दुखणारा माणूस बसतो तसा, आणि पुन्हा बारा स्टोनने वर जाऊन थांबला.

भर दुपारची वेळ होती. बाहेर शेजारी गवत कापत होता. बॅगशॉने गॅरेजचं दार ओढून घेतलं. त्याने दुसऱ्याच दिवशी वजनकाटे परत केले आणि सांगितलं, "तुमचा एक काटा बिघडलाय."

लग्नाच्या दिवशी लख्ख ऊन पडलं. रीत म्हणजे बापाने मुलीशेजारी मागे बसायचं, पण गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायला बॅगशॉ तयार नव्हता. तो स्वतःच चालवायला बसला. पांढरा झगा सावरत टेसा मागे चढली आणि उजव्या कोपऱ्यात अंग चोरून बसली.

"ऐसपैस बस की. डावीकडे सरक."

"नको. तिकडची गादी उबदार लागतेय," ती म्हणाली. "उन्हाने असेल."

गाडी सकाळपासून गॅरेजमध्ये, सावलीत होती. बॅगशॉने गाडी सुरू केली. त्याने वचन दिलं होतं.

चर्च तीन मैलांवर. प्रत्येक खड्ड्याला मागून ठक्‌ आवाज येत होता. नदीवरच्या उंच दगडी पुलावर गाडी चढली आणि उतरताना असा ठोका बसला की टेसाने पुढची सीट घट्ट धरली. त्यानंतर चर्चपर्यंत एकही आवाज झाला नाही.

चर्चच्या दारात फ्रॉगट टोपी हातात घेऊन उभा होता. खास गाडी बघायला आला होता. टेसा उतरताच तो वाकला, मागच्या चाकाआड पाहिलं आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. बॅगशॉही वाकला. डावा लोखंडी हात आडवा, सरळ होता. नकाशात होता तसा.

"बसला बघा पाटा जागेवर," बॅगशॉ म्हणाला. त्याला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

"पाटा नव्हे," फ्रॉगट हळू आवाजात म्हणाला. "तेव्हा सांगायला धजलो नाही. हॅलम म्हणायचा, त्यांना कितीही लांब न्या, तक्रार नाही. धक्के सोसत नाहीत. धक्का बसला की ते उतरतात आणि शेजारच्याच्या सोबतीने निघतात."

"कोण?"

फ्रॉगट टेसाकडे बघत होता. ती पायऱ्या चढत होती. तिच्या डाव्या बाजूला लोकांनी कारण नसताना वाट सोडली होती.

संध्याकाळी पाच वाजता, अजून चांगलं ऊन असताना, टेसा आणि कॉलम निघाले. कॉलमची गाडी नवी, छोटी, चंदेरी. सामान त्याच्या भावाने आधीच पुढे नेलं होतं. दोघं पुढे बसले. मागची सीट रिकामी होती.

बॅगशॉने सवयीने चाकांवरची फट नजरेने मोजली. मागची डावी बोटभर कमी होती.

"टेसा," तो म्हणाला. "थांब जरा. या गाडीचं मागचं..."

ती हसली, पण डोळ्यांनी नाही. "बाबा. आज नाही हं. कबूल केलं होतंत."

कॉलमने खाली मान घातली. दोन वर्षांचं सगळं त्या मान घालण्यात होतं.

बॅगशॉ गाडीपासून एक पाऊल मागे सरला.

गाडी सुरू झाली आणि आत बारीक बीप बीप वाजू लागलं.

"मागे पट्टा लावला नाही म्हणतेय," टेसा म्हणाली. "मागे कोण आहे?"

"नवी गाडी, नवे नखरे," कॉलम म्हणाला. तो वळला, हात लांब करून मागचा डावा पट्टा ओढला आणि रिकाम्या सीटवर टक्‌ करून अडकवला.

आवाज थांबला.

गाडी निघाली. वळणावर कॉलमने वेग अगदी कमी केला आणि रस्त्यावरचा उंचवटा जपून ओलांडला, जसं कोणाला सांभाळून न्यावं. मागच्या काचेतून पट्टा दिसत होता. तो सीटच्या पाठीला टेकलेला नव्हता. बॅगशॉने नजरेने मोजलं. नऊ इंच पुढे, आणि हळूहळू वरखाली होत होता.