बेचाळिसावे घर

सुकमाया थिङच्या मृत्यूच्या पंचनाम्यावर पाच सह्या आहेत. त्यांतली तिसरी माझी आहे. मी प्रेत पाहिले नव्हते, कडा पाहिला नव्हता. पंचनामा लिहिला गेला तो वॉर्डाच्या अध्यक्षांच्या पडवीत, चहा पिता पिता. मी तेव्हा सल्लेचौरच्या शाळेची मुख्याध्यापिका होते आणि माझ्या सहीला या डोंगरात किंमत होती. कागदावर असे लिहिले होते की, ही विधवा दिवसा गवत कापायला गेली असता पाय घसरून कड्यावरून पडली. ते वाक्य खोटे आहे, हे सही करताना मला ठाऊक होते. माझा वाटा हा असा आहे. तो आधी सांगितला, म्हणजे पुढचे सांगायला मी मोकळी झाले.

तुम्ही उद्या शाळेच्या पटांगणात राख पसरून गावाचा नकाशा मांडणार आहात. म्हणून आज जेवणानंतर तुम्हाला चुलीपाशी थांबवून घेतले. लाकूड आत सारा. हे भयकथा म्हणून ऐकू नका. ज्या मुलीच्या बाबतीत हे घडले ती तुमच्याच महाविद्यालयाची, मेनुका दुलाल. ती पंधरा दिवस याच घरात, त्या पलीकडच्या खाटेवर झोपत असे.

तारीखही लक्षात ठेवा. विक्रम संवत दोन हजार ऐंशी, मंसिर महिन्याची बावीस तारीख, शुक्रवार. वद्य एकादशी. चंद्र पहाटेपर्यंत उगवणार नव्हता.

सहा जणांचा गट होता. त्यांचा प्रमुख सरोज तिमल्सिना. बोलायला तिखट, पण कामात चोख. त्या दिवशी सकाळपासून गावकऱ्यांनी पटांगणात नकाशा मांडला होता. राखेची जमीन, विटांच्या भुकटीच्या वाटा, आणि प्रत्येक घरासाठी नदीतला एक पांढरा दगड. त्यांच्या सरांचा दंडक असा होता की, विद्यार्थ्यांनी नकाशाला बोट लावायचे नाही. ज्याचे घर, त्याने दगड ठेवायचा. जो ठेवेल त्याला प्रश्नावलीतले सगळे आणि तेवढेच प्रश्न विचारायचे, तो सांगेल ते जसेच्या तसे लिहायचे, आणि एकदा लिहिलेले खोडायचे नाही. कुटुंबांची यादी मी दिली होती. एकेचाळीस घरे. संध्याकाळी एकेचाळीस दगड झाले. शनिवारी दुपारी सगळ्या गावासमोर सर्व प्रश्नावल्या वाचून दाखवायच्या होत्या.

रात्री शेळ्या नकाशा तुडवतील म्हणून दोघांनी राखण करायची ठरली. सरोज घोंगड्या आणायला गेला. मेनुका सौरदिवा घेऊन शाळेच्या पायरीवर बसली. सात वाजून चाळीस मिनिटे झाली होती. वेळ तिने घड्याळात पाहिली होती, कारण सरोजला उशीर झाला होता.

खालच्या वाटेने एक बाई आली. गुडघ्यापर्यंत भिजलेली, डोक्यावरून पदर ओढलेला. नकाशाच्या कडेला उभी राहून ती बराच वेळ पाहत राहिली.

"माझं घर राहिलंय," ती म्हणाली.

मेनुकाला शरम वाटली. पंधरा दिवस गावभर फिरून एक घर राहावे, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे.

"चुकलंच आमा. ठेवा ना दगड. कुठे येतं तुमचं?"

"सगळ्यांच्या वर. पाणवठ्याच्या अलीकडे."

बाईने दगड ठेवला. मेनुकाने कोरा कागद काढला.

"घरात माणसं किती?"

"एकटी."

"जनावरं?"

"एक म्हैस होती. नेली."

"आजारपण काही, गेल्या वर्षात?"

बाई हसली. "आता कसलं आजारपण गं."

"पाणी कुठून आणता?"

"कड्याखालच्या ओढ्यावरून."

इथे मेनुकाने सरांचा दंडक मोडला. "एवढ्या खालून? पाणवठा तर तुमच्या दारात आहे, आमा."

"तिथे मला येऊ देत नाहीत. त्यांचं वासरू मेलं, त्या दिवसापासून."

"मग जाता कधी ओढ्यावर?"

"रात्री. दिवसा दगड मारतात."

मेनुका मान खाली घालून लिहीत होती. पुढचा प्रश्न छापलेलाच होता. तो तिने त्या दिवशी कित्येकदा विचारला होता.

"पाणी घेऊन परत यायला किती वेळ लागतो?"



मेनुका थांबली. पेन कागदावर टेकवून थांबली. कुठेतरी पाणी ठिबकत होते...

"अजून आले नाही," बाई म्हणाली.

मेनुकाने ते लिहिले. आधी लिहिले. मग वाचले. मग...

तिने मान वर केली नाही. करवली नाही.

"लिहिलंस?"

"...हो."

"सही कुठे करू?"

मेनुकाने शाईची डबी पुढे सरकवली. हात आपोआप गेला.

"अंगठा नको. मला येतं."

पेन तिच्या बोटांतून काढून घेतले गेले. त्या बोटांचा स्पर्श... मेनुका मला म्हणाली होती, गुरुआमा, गार म्हणजे किती गार ते सांगता येणार नाही. ओढ्यातला दगड असतो तसा.

"हे सगळ्यांसमोर वाचशील?"

"वाचेन."

"नाव घेऊन?"

"नाव घेऊन."

मग काही नाही. दिवा होता. राख होती. वाटेवरून सरोजचा आवाज आला. "कोणाशी बोलत होतीस गं? थंडीनं डोकं फिरलं का?"

पायरीवर ती एकटी होती. सरोजने दिवा उचलून नकाशावर धरला. बेचाळिसावा दगड वरच्या अंगाला, पाणवठ्याच्या अलीकडे, पण कडेपासून चार हात आत होता. एकेचाळीस दगड झाल्यावर संध्याकाळी राख पुन्हा चाळून सपाट केलेली. मांजर चालले असते तरी ठसा उठला असता. राखेवर एकही पाऊल नव्हते.

सरोजने थट्टा न करता दिवा घेऊन नकाशाभोवती पुन्हा एक फेरी मारली. सरोजच्या बाबतीत ही गोष्ट मी नमूद करण्यासारखी समजते.

नऊच्या सुमारास मेनुका घरी आली आणि तिने तो कागद माझ्यापुढे ठेवला. "गुरुआमा, तुमच्या यादीत हे नाव नाही."

मी खालची सही पाहिली. सुकमाया थिङ. सुकमाया डावरी होती. शाळेच्या रात्रवर्गात मी तिला दोन हिवाळे लिहायला शिकवले. नाव पूर्ण झाल्यावर ती शिरोरेघ उजवीकडून डावीकडे ओढत असे आणि शेवटी तिला खाली एक आकडा देत असे. तो आकडा काढून टाकण्यासाठी मी तिच्याकडून पाट्याच्या पाट्या गिरवून घेतल्या. तो गेला नाही. माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरीत तशी रेघ दुसऱ्या कोणत्याही हाताने काढलेली मी पाहिलेली नाही. ती रेघ त्या कागदावर होती, आणि सुकमायाला जाऊन पाच वर्षे झाली होती.

"फाडून टाक," मी म्हणाले.

होय, मी म्हणाले. लपवण्यात अर्थ नाही.

"फाडता येत नाही. आणि मी शब्द दिलाय."

तेव्हा मी तिला खरे काय ते सांगितले. अध्यक्ष खड्गबहादुर बस्नेत यांच्या गोठ्यात वासरू मेले. झांक्रीने, म्हणजे गावच्या मांत्रिकाने, तांदूळ पाहून वरच्या अंगाच्या विधवेकडे बोट दाखवले. अध्यक्षांच्या आईने पाणवठ्यावर सगळ्यांदेखत तिला बोक्सी म्हटले. चेटकिणीच्या घागरीने पाणी बाटते, म्हणून पाणवठा बंद झाला. बाई रात्री काळोखात कड्याची वाट उतरू लागली. पौष महिन्यात एका सकाळी ती ओढ्यात सापडली. गवत कापायला गेली असे लिहिले, म्हणजे दोष गवताचा. पाणी आणायला गेली असे लिहिले असते, तर दोष गावाचा झाला असता.

"मग तुम्ही सही का केलीत?" मेनुकाने विचारले.

मी तो कागद पुन्हा वाचायला घेतला. 

दहा वाजता अध्यक्ष स्वतः आले. दगडाची बातमी गावातून त्यांच्यापर्यंत पोचली होती. ते उंबऱ्यातच उभे राहिले.

"बहिणी, उद्या एकेचाळीसच वाच. एक जादा वाचलंस तर काम पूर्ण झाल्याचं वॉर्डाचं पत्र मिळणार नाही. सहाही जणांचं वर्ष जाईल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गुरुआमा, पोरीला समजवा. त्या जुन्या कागदावर तुमचीही सही आहे."

ते गेल्यावर मुले माझ्या याच चुलीपाशी भांडली.

"आपण जिवंत माणसांचं समाजकार्य शिकतोय," सरोज म्हणाला. "मेलेल्यांचा पेपर पुढच्या सत्रात असेल तर मला कोणी सांगितलेलं नाही."

"वाचणार मी. पत्र अडवायचं तर माझं अडवू देत."

"तो सहाही जणांचं अडवणार म्हणालाय. ऐकू येतं का तुला?"

"येतं. तिचंही येत होतं. तू घोंगड्या निवडत बसला होतास." मेनुका उठून उभी राहिली. "सरोजदाइ, एकेचाळीस घरांना आपण सांगितलं की तुम्ही बोलाल ते वाचू. बेचाळिसाव्याला गप्प बसवायचं, तर उरलेले कशाला वाचायचे? राख भरून टोपलीत टाक आणि चल घरी."

सरोजने चुलीतले एक लाकूड उगाच हलवले. "वाच," तो शेवटी म्हणाला. "पण अडखळू नकोस. एवढं करून वर अडखळलीस तर मी माफ करणार नाही."

शनिवारी दुपारी सगळे गाव पटांगणात आले. मेनुकाने एकेचाळीस प्रश्नावल्या वाचल्या. मग पाणी न पिता, न थांबता, बेचाळिसावी. "कुटुंबप्रमुख, सुकमाया थिङ." बायकांच्या घोळक्यातून एक हुंकार उठला आणि विरला. ती वाचत गेली. रात्री. दिवसा दगड मारतात. पाणी घेऊन परत यायला किती वेळ लागतो... अजून आले नाही.

ती अडखळली नाही.

अध्यक्ष उठले. "मेलेल्या बाईची साक्ष काढता? शहरातून आलेल्या पोरीनं रचलेलं आहे हे."

मी उभी राहिले. गुडघे दुखत होते. तरी उभी राहिले. "ही सही माझ्या विद्यार्थिनीची आहे. आणि पाच वर्षांपूर्वीच्या पंचनाम्यावरची माझी सही खोटी आहे. सुकमाया पाण्यासाठी मेली. हे मला माहीत होते आणि इथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत आहे."

"गुरुआमा, तुम्ही..."

"खड्गबहादुर, खाली बसा. तिसरीत असल्यापासून तुम्हाला मध्ये बोलायची सवय आहे. माझे वाक्य अजून संपलेले नाही."

ते बसले. मागे कोणीतरी हसले. पण निर्णय काही झाला नाही. अध्यक्षांनी बैठक दुसऱ्या दिवसावर ढकलली, आणि रात्रीतून घरोघरी माणसे पाठवून बैठकीत काय बोलायचे ते लोकांना पढवले.

रविवारी पहाटे, उजाडण्यापूर्वी, अध्यक्षांची आई नेहमीप्रमाणे सर्वांच्या आधी पाणवठ्याकडे निघाली. वाट सुकमायाच्या घरावरून जाते. घर म्हणजे आता नुसते जोते. पत्रे लोकांनी नेले, भिंती पावसाने नेल्या. म्हातारीची हाक ऐकून आम्ही वर गेलो. म्हातारी जोत्याच्या कडेला जमिनीवर बसली होती.

चुलीच्या तीन दगडांपाशी तांब्याची एक घागर होती. काठोकाठ भरलेली. पाणी हलत होते. वारा नव्हता.

मी स्वतः एकेचाळीस घरी विचारले. कोणाची घागर गेलेली नव्हती, आणि ती कोणी ओळखली नाही. तळाशी काळी बारीक वाळू बसली होती. पाणवठ्याचे पाणी तुम्ही पाहिले आहे. तिथे खडक आहे, वाळूचा कण नाही. काळी वाळू फक्त कड्याखालच्या ओढ्यात सापडते. ओल्या पावलांची रांग कड्याच्या वाटेने वर आली होती. जोत्यापर्यंत. परतीची रांग नव्हती.



अध्यक्ष धापा टाकत आले. "ओता ते," ते म्हणाले.

"हात तर लाव," त्यांची आई जमिनीवरूनच म्हणाली. "पाच वर्षांनी बाई पाणी घेऊन घरी आली. आणि तू ओतायला सांगतोस."

तिने ओंजळ बुडवली आणि ती प्यायली. सगळ्यांदेखत प्यायली.

बैठक मग पटांगणात झालीच नाही. निर्णय तिथेच, जोत्यावर झाला. मी सांगत गेले आणि सरोज लिहीत गेला. बेचाळिसावी प्रश्नावली अहवालातून काढायची नाही. पाणवठ्यावर यापुढे कोणत्याही बाईला कोणतेही नाव ठेवून अडवायचे नाही. पंचनामा खोटा असल्याचा जबाब मी स्वतः जिल्ह्याच्या पोलीस कचेरीत नेऊन द्यायचा. सहा मुलांना वॉर्डाने पत्र दिले नाही, तर ते गावाने सह्या करून द्यायचे. घागर जिथे आहे तिथेच राहील.

एकोणतीस बायकांनी हात वर केले. पुरुषांपैकी अकरा जणांनी केले, त्यांत अध्यक्ष नव्हते. त्यांच्या आईने दोन्ही हात वर केले. मतदानात एकच हात मोजतात, असे मी तिला समजावून सांगितले.

"एक माझा," म्हातारी म्हणाली. "दुसरा तिचा. मोज."

सरोजने माझ्याकडे पाहिले. मी म्हणाले, मोजा. त्याने तो मोजला.