वन्स मोअर

जुनी गाणी लावून मघापासून माना डोलावताय, म्हणून सांगतो. आवाज बारीक करा आणि जवळ सरका. हे माझ्या सख्ख्या साडूच्या बाबतीत घडलंय. तो थापा मारणाऱ्यातला नाही, तेवढी कल्पनाशक्तीच नाही त्याला.

साडू साउंडवाला. उभा जन्म माइक आणि वायरींत गेला. मागच्या नोव्हेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी तो दुपारी चारला टेम्पोत सामान भरून सभागृहावर गेला. चाळीस वर्षांपूर्वी बंद पडलेल्या एका ऑर्केस्ट्राच्या आठवणींचा कार्यक्रम होता.

आमच्या तरुणपणी त्या ऑर्केस्ट्राचं भारी वेड. कॉलेजला दांडी मारून आम्ही तिकिटाच्या रांगेत उभे राहायचो. त्याचा जीव म्हणजे बुलबुल. हे तिचं जाहिरातीतलं नाव. तिच्यासारखी कपाळावर बट काढायची पोरींत साथच आली होती. तुमच्या मावशीनेही काढली होती, विचारा तिला.

पण बुलबुल गायचीच नाही. साडूला हे ठाऊक होतं, कारण माइक तोच लावायचा. तिच्या हातातला बंद. चालू असलेला मागे, काळ्या पडद्याआड, शिंपीणबाईपुढे. ही बाई कलाकारांचे कपडे शिवायची. लहानपणी स्टोव्ह भडकून तिचा अर्धा चेहरा भाजला होता. आवाज मात्र असा, की साडूच्या अंगावर रोज काटा यायचा.

बाईने आयुष्यात एकच गोष्ट मागितली. कार्यक्रमाच्या शेवटी माझं नाव घ्या, म्हणाली. बुलबुल आरशातून नजर न हलवता म्हणाली, "नाव घेतलं की लोक चेहरा बघायला मागतील. मग गाणं कोण ऐकेल?"

शेवटच्या मोसमात बाई तापाने फणफणली होती. घसा सुजलेला. झोपाळ्याच्या गाण्याला लोकांनी वन्स मोअर दिला. मग पुन्हा. मग पुन्हा. बाईने पडद्याआडून हात जोडले. बुलबुलने बोटानेच खूण केली, होऊ दे. सातव्या खेपेला बाईच्या पदरावर रक्त होतं. साडूने ते पाहिलं, आणि माइक तिच्या तोंडाजवळ आणखी सरकवला. पोटापाण्याची नोकरी होती रे, असं तो आजही म्हणतो.

बाईचा आवाज गेला तो गेलाच. वर्षभरात तीही गेली. बुलबुलने संसाराचं कारण सांगून गाणं सोडलं. लोक हळहळले. केवढा त्याग!

तर त्या शनिवारी सत्तरीची बुलबुल पुन्हा स्टेजवर आली. सभागृहात मुंगीला जागा नव्हती. सगळी आमच्या वयाची, डोळ्यांत पाणी आणलेली माणसं. ठरलं असं होतं, की साडूने जुनं रेकॉर्डिंग लावायचं आणि तिने ओठ हलवायचे. त्याआधी निवेदकाने विचारलं, हा आवाज तुम्हाला कुणाकडून मिळाला? साडूला वाटलं, आता तरी सांगेल. पिकलं पान, आता कसली भीती?

बुलबुल हसली. "कुणाकडून म्हणजे? माझा आवाज माझाच."

आठ वाजून चाळीस मिनिटं. साडूने बटणावर बोट ठेवलं. दाबलं नव्हतं अजून.

गाणं सुरू झालं.

झोपाळ्याचंच. बुलबुलचे ओठ हलत होते, पण डोळे... ते फिरले होते. साडूने तिचा माइक बंद केला. आवाज चालूच. साउंडचा मेन स्विच खाली ओढला. यंत्रांवरचे लाल दिवे विझले. आवाज चालूच.

गाणं संपलं. बुलबुल छाती धरून वाकली. लोक उभे राहिले. वन्स मोअर.

पुन्हा सुरू.

तिला श्वास घेता येत नव्हता. कडव्यामागून कडवं, मध्ये फट नाही. चेहरा निळा पडत चाललेला. लोकांना वाटलं, भरून आलंय तिला. तेही रडत होते. वन्स मोअर. पुन्हा. किती वेळा, ते साडूने मोजलं नाही.

मग तिने विंगेकडे पाहिलं. साडूकडे. हात जोडले.

त्याला कळलं, शिंपीणबाईला काय हवंय ते. फक्त नाव. समोर निवेदकाचा माइक पडला होता. त्याने मेन स्विच पुन्हा वर केला, माइक उचलला. तोंड उघडलं...

नाव आठवेना.

आठवेना कसलं... त्याला ते कधी माहीतच नव्हतं. कुणालाच नव्हतं. सगळे शिंपीणबाईच म्हणायचे.

माइक हातात धरून तो उभा राहिला. पुढे वन्स मोअर... वन्स मोअर...

बुलबुल कोसळली तेव्हा कुठे थांबलं.

ती जिवंत आहे. घशाला काही झालेलं नाही, असं डॉक्टर सांगतात. तोंड उघडते, आवाज येत नाही. आणि त्या रात्रीचे लोक अजून भेटतील त्याला सांगतात, काय गायली हो, जन्माचं सार्थक झालं.

कार्यक्रम टिपून घ्यायला साडूने स्टेजजवळ एक रेकॉर्डिंगचं यंत्र ठेवलं होतं, ते बॅटरीवर चालतं. त्या गडबडीत ते बंद करायचं राहिलं, मध्यरात्रीपर्यंत चालू होतं. मला त्याने ऐकवलं. त्यात टाळ्या आहेत, शिट्ट्या आहेत. गाणं नाही. एक ओळसुद्धा नाही. मग लोक जातात. खुर्च्या सरकतात. दारं लागतात.

नंतर रिकाम्या सभागृहात, अगदी माइकजवळ, कुणीतरी श्वास घेतं. काहीतरी सांगायच्या आधी घेतात ना, तसा.

थांबतं.

आणि पुन्हा घेतं...