नाते असल्यास नमूद करावे

"अहो, जॅकेट घातलंय की नुसतं अडकवलंय? खालचा पट्टा कोण लावणार, तुमची आई?"

बोटींच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या एका उंच माणसाशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. बोलून थांबले असते तर मी कसली! पुढे होऊन पट्टा ओढला, बकल लावलं, खांद्याला धरून लाइफ जॅकेट वर खेचून पाहिलं. हललं नाही. त्याने माझ्या हातांकडे पाहत हसू दाबलं… पण गालावर खळी पडायची ती पडलीच.

दहा मिनिटांनी तोच माणूस वर्गात येऊन फळ्यासमोर उभा राहिला.

"मी तुमचा प्रशिक्षक. सकाळपासून मुद्दाम पट्टा न लावता फिरतोय. अकरा जण समोरून गेले. लक्ष फक्त एकीचं गेलं."

मी खिडकीबाहेर बघू लागले. कान मात्र गरम झाले होते.

खरं तर मला वर्गाची गरज काय? शाळेत जायच्या आधीपासून मी बाबांच्या मोटरबोटीचं सुकाणू धरलेलं. पण आता नियम आला होता – वर्ग, परीक्षा, परवाना. त्याशिवाय बोट सोडायची नाही. बाबांचे गुडघे कामातून गेलेले. त्यांनी सरळ सांगितलं, "महिनाअखेर परवाना आण, नाहीतर बोट आपल्या गावातल्या डॉक्टरांना विकतो. धक्क्याला बांधून कुजवायची नाही मला." डॉक्टर दोनदा बोट बघूनही गेले होते. त्या विचाराने माझा जीव वरखाली व्हायचा.

वर्ग मात्र मजेत चालला.

"उजवीकडून दुसरी बोट आडवी आली, तर?" सरांनी एकदा मला विचारलं.

"वाट द्यायची. पण आधी चालवणारा कोण आहे, ते बघेन."

वर्ग खो खो हसला. सरांच्या हातातला खडू पडला.

परीक्षेला तोच बोटीत माझ्या शेजारी बसला. मी बोट अशी अलगद धक्क्याला लावली, की हातात चहा असता तर हिंदकळला नसता. ऐटीत वळून पाहिलं, तर त्याचा चेहरा उतरलेला.

"नापास."

"काय?"

त्याने लाल दोरी दाखवली. तिचं एक टोक इंजिनच्या बटणाला असतं, दुसरं चालवणाऱ्याच्या मनगटाला. चालवणारा पाण्यात पडला, की दोरी निघते आणि इंजिन बंद पडतं. मी मनगटाचं टोक सीटच्या हुकाला लावलं होतं. आमच्या बोटीत ते कायम तिथेच असतं! बाबांना मनगटाला काचतं म्हणून.

"मी पडत नाही," मी फणकारले.

"पडणाऱ्याला आधी कळत नाही," तो हळूच म्हणाला. "मला तरी कुठे कळलं?"

आणि बोट बांधायला निघून गेला. घरी पोचेपर्यंत मी रागाने धुमसत होते. त्या वाक्याचा अर्थ जिन्यात लागला – तो पाण्यात पडण्याबद्दल बोलतच नव्हता… आणि मी तिथेच पायरीवर बसले.

दुसऱ्या दिवशी परवाना कार्यालयात फेरपरीक्षेचा अर्ज भरत होते, तर तो शेजारी येऊन उभा.

"दोन तारखा आहेत. शुक्रवारी मी घेतो. नाहीतर तीस तारखेला बाई."

बाई म्हणजे वरिष्ठ परीक्षक. त्यांच्याकडे दहातले सहा नापास! आणि तीस तारीख म्हणजे बाबांनी दिलेला शेवटचा दिवस.

"मग शुक्रवारच. त्यात विचार कसला?"

"विचार आहे…" त्याने अर्जाच्या तळाशी बोट टेकवलं. 'परीक्षकाशी नाते असल्यास नमूद करावे.' "नातं असेल, तर मला परीक्षा घेता येत नाही."

"पण आपलं नातं कुठे आहे?"

"तेच विचारायला आलोय."

खिडकीतला कारकून शिक्का हातात धरून तसाच थांबला.

"शुक्रवारी पास करून मग विचारायचं ना!" माझा आवाज उगाच चढला.

"मग तुला आयुष्यभर वाटलं असतं, की आवडते म्हणून पास केलं."

तुला! पहिल्यांदाच. मला तो आवडत होता, धक्क्यावर पट्टा ओढला तेव्हापासून. बोट डोळ्यांसमोर आली, डॉक्टर आले, बाबा आले… आणि मी रकान्यात लिहिलं – 'आहे'.

तीस तारखेला बाईंनी माझा घाम काढला. वळवायला लावलं, उलटं न्यायला लावलं, पाण्यात डबा फेकून माणूस समजून उचलायला लावलं. दोरी मनगटावर चांगली काचत होती. शेवटी त्यांनी सही ठोकली, "पास," म्हणाल्या आणि चष्म्यावरून अर्जाकडे पाहिलं.

"हे काय? नातं नुसतंच 'आहे'? कोणतं, ते कोण लिहिणार?"

"लिहा बाई – होणारा नवरा," मी म्हणाले. "फक्त त्याला अजून सांगायचंय."

बाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि लिहून टाकलं.