एक टक्का राहिला होता

सरका जवळ, आणि तो फोन उलटा ठेव. हे ऐकीव नाही. तिबो सात वर्षं माझ्या हाताखाली लाकडी जिने करायचा, इथेच लिएजमध्ये. त्याने मला हे भर दुपारी सांगितलं, आणि तेव्हाही तो दाराकडे पाठ करून बसायला तयार नव्हता.

बारा जानेवारी, रविवार. तिबो लेकीला, नोएमीला, तिच्या आईकडे सोडायला निघाला होता. घटस्फोट झालेला. दर दुसऱ्या शनिवार-रविवारी पोर बापाकडे, आणि रविवारी आठच्या आत फ्रान्समध्ये, तिओंविलला आईच्या दारात. आधी दोनदा उशीर झाला होता, म्हणून त्या आईने, मागालीने, निघतानाच फोनवर ऐकवलं, "आज एक मिनिट जरी उशीर झाला ना, तर सरळ वकील. पोर दिसायची नाही तुला." आणि गाडी विजेवरची, हा शहाणा थंडीत बॅटरीचा अंदाज चुकला. लक्झेंबर्गात शिरला तेव्हा उरले होते चार टक्के. एवढासा देश, एरवी आपण गप्पांच्या नादात पार करतो.

महामार्गावरच्या चार्जरांना रांगा होत्या, म्हणून तो एका गावामागच्या रस्त्याला वळला. पावणेसात. काळोख, वर धुकं. दोनच चार्जर, त्यातला एक बंद. दुसऱ्याच्या पडद्यावर ‘चार्जिंग चालू, ७९ टक्के’, पण समोर गाडीच नाही. केबल जागच्या जागी टांगलेली. त्याने शेजारी गाडी लावली, खाली उतरला आणि मदतीच्या नंबरावर फोन केला. मागे नोएमी गाढ झोपली होती.

"दोन नंबरवर गाडी आहे की, साहेब," फोनवरची बाई म्हणाली. "कॅमेऱ्यात दिसतेय मला. आत एक बाई बसल्यात. ऐंशीला एक टक्का राहिलाय, थांबा जरा."

ऐंशीला जागा सोडायची, आणि तोवर दुसऱ्याच्या चार्जिंगला हात लावायचा नाही, ही आपली रीत. तिबोही पाळायचा. पण डोक्यात आठ वाजत होते.

"अहो, इथे कुणीच नाही," असं म्हणत त्याने ‘थांबवा’ दाबलं.



"बंद का केलंत...? त्या उतरल्या."

"कोण उतरलं?"

"तुमच्या गाडीपाशी आहेत... मागच्या दाराशी."

तो वळला. कुणी नाही. दार लावलेलं. पोर झोपलेली. फोन कट झाला होता.

पळावं, तर आता दोनच टक्के. पुढचं गावसुद्धा आलं नसतं. त्याने केबल लावली आणि पुढे येऊन बसला. नऊ. अकरा. काचा आतून धुरकट झाल्या. चौदा. ओल्या लोकरीचा वास... आपली पोर मागे आहे, तिला उचलून पुढे घ्यावं, एवढंही त्याला जमलं नाही. मान वळेचना. हे सांगताना तो माझ्यासमोर रडला. तीस. पस्तीस...

चाळीसला त्याने केबल काढली आणि निघाला.

लगेच टिंग-टिंग सुरू. पडद्यावर लाल खूण. मागच्या मधल्या सीटचा पट्टा लावलेला नाही. नोएमी तर खिडकीशी, तिचा पट्टा लावलेला. मधली सीट रिकामी...

टिंग. टिंग. टिंग.

मग मागे... खट्.

आवाज थांबला.

तिओंविलपर्यंत त्याने आरशात पाहिलं नाही.

आठला तीन मिनिटं होती. मागालीने स्वतःच मागचं दार उघडलं आणि झोपलेल्या पोरीला कडेवर घेतलं. रागावली नाही. उलट हसली.

"वेणी घालायला कधी शिकलास?"

वकिलाची गरजच पडली नाही. त्या दिवसानंतर तिबो पोरीला आणायला एकदाही गेला नाही. मागाली फोन करते, पोर रडते. हा जात नाही.

वेणी उजव्या बाजूला होती. घट्ट, ओली, टोकातून पाणी ठिबकणारी. डाव्या बाजूचे केस मोकळे होते... फक्त सारखे तीन पेड करून ठेवलेले.