देवाच्या डोहातल्या तिसऱ्या

पूर्वी ओहोटी लागली की जुवेवाडीच्या बायका टोपल्या घेऊन खाडीत उतरायच्या आणि पायाच्या अंगठ्यानेच वाळूतल्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, हुडकायच्या. आज बायका काठावर बसल्या होत्या आणि वाळूवर शिंपकान ठेवला होता. ताटाएवढी ही चकती वाळूखालच्या शिंपल्यांचा आवाज ऐकते. शिंपला मिटताना बारीक टक् होते. कोवळ्याची टोकदार, जुन्याची जाड. त्यावरून कुठे, केवढी, किती तिसरी आहे हे पडद्यावर ठिपक्यांनी उमटते. ठिपके मर्यादेखाली गेले की मत्स्यखातं तिसऱ्या काढायला खाडी बंद करतं. पलीकडची खाडी अशीच बंद झाली आणि तिथल्या बायका आता तालुक्याला लोकांची धुणीभांडी करत होत्या.

वैजयंती कुबल मत्स्यखात्याची सर्वेक्षक असली तरी याच वाडीची लेक. पडदाभर ठिपके बघून तिचा जीव भांड्यात पडला. ठिपके भरपूर आहेत असं तिने सांगितलं, तेव्हा बायकांतली जाणती शेवंतीमावशी हसली खरी, पण तिने नजर चुकवली.

वैजयंतीने कानाला यंत्र लावलं. प्रत्येक टक् जाड. कोवळी एकही नाही. तिने पुन्हा पडदा पाहिला. ठिपके सरळ ओळीत होते, पावला-पावलाच्या अंतराने. तिसऱ्या काही शाळेत जात नाहीत, अशा रांगेत बसायला. भाताची लावणी करावी तशा कुणीतरी त्या लावल्या होत्या.

"मावशे, ह्यो खयसून इल्यो?"

मावशीने काठावरच्या खडकाकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "देवाच्या डोहातल्यो. मागच्या ओहोटीक सगळ्यांनी मिळान काढल्यो. आधी देवाक गाऱ्हाणा घातला. तुझा यंत्र खाडी बंद करतला, तर आमी खावचा काय?"

काठावरच्या खडकातला तो डोह देवाचा. तिथल्या तिसरीला कुणी हात लावत नसे, परक्याला सांगतही नसत. वैजयंतीनेसुद्धा तो मोजणीच्या नकाशात घेतला नव्हता. देवाच्या जागी यंत्र टेकवायला तिचं मन धजलं नव्हतं. बायकांना ते ठाऊक होतं. मोजणीत न येणारा भरलेला डोह त्यांच्या काय कामाचा? त्यांनी तो उपसून मोजणीच्या जागी आणून पेरला.

"मावशे, तिसऱ्यो बीज पाण्यात सोडतत," वैजयंती म्हणाली. "नर-मादी दाटीत असली तरच ता बीज एकमेकांक गावता. अशी लांब लांब टाकल्यावर भरती ता घेवन जातली. सगळ्या खाडीक बी त्या डोहातसून मिळत होता. आणि बीज सुटाची येळ हीच."

आपल्याच हाताने आपण काय केलं, ते मावशीला तेव्हा कळलं. मग तीच पहिली उठली आणि गुडघ्यावर येऊन हातांनी वाळू उकरू लागली. बाकीच्या तिच्यामागे धावल्या. वैजयंती शिंपकान सरकवत "हय, हय" करत जागा दाखवत राहिली. पाणी चढत होतं. उथळ वाळूत उन्हाने तापलेल्या कितीतरी तिसऱ्या तोंड उघडून मेल्या होत्या. त्यांचा वास सुटला होता. एक बाई रडत रडतच उकरत होती. पाणी कमरेला लागलं, हात तळाला पोचेनात, तेव्हा त्या थांबल्या.

जिवंत निघाल्या त्या त्यांनी डोहात एकमेकींना खेटून ठेवल्या. मोठ्या डोहाचा एक कोपरासुद्धा भरला नाही. वैजयंतीने देवाची क्षमा मागून तिथे यंत्र टेकवलं. अधूनमधून एखादी जाड टक् येत होती, मग बराच वेळ काहीच नाही.

"खाडीत कायएक नाय म्हणान लिव," मावशी म्हणाली.

"मावशे, मग खाडी बंद करतले. वर्सानुवर्सां."

"माका कळता ता. तू लिव." तिचे हात सोलवटले होते, ते तिने पदरात गुंडाळले. भरतीचं पाणी डोहावर आलं, तरी ती तिथून हलली नाही. शेवटी तिने विचारलं, "बाय, एवढ्योच रवल्यो आसत. त्यो एकमेकांक गावतल्यो मां?"