विहीणबाईंचा काढा

"साहेब, माझ्या लेकीला विष घातलंय!"

कोरियातल्या मोक्पो शहराच्या इस्पितळातून सॉल मी-रानचा फोन आला, तसा इन्स्पेक्टर बियन धावत गेला. तिची लेक युन-ही काचेआड तापाने फणफणली होती. डोक्यावर केस उरला नव्हता. एका दिवसात मुठी-मुठीने निघून आले होते.

"संशय कुणावर?"

"सासूवर! आतड्याच्या दुखण्यावर अक्सीर म्हणून रोज काढा पाजायची."

सासू प्योबाई पुढे आली. "विहीणबाई, त्याच भांड्यातला काढा मी पिते, माझा मुलगाही पितो. आमचे केस बघा की!"

"तुमच्यासारखीला कसलं चढतंय विष!"

बियनने काढा तपासायला धाडला आणि प्योबाईला चौकीत बसवलं. अहवाल आला. काढ्यात विष नव्हतं, रक्तातही नव्हतं. पांढऱ्या पेशी मात्र संपत आल्या होत्या.

"डॉक्टर, तिला नवीन काय दिलंत?"

"आतड्यासाठी गोळ्या. मात्रा नेहमीचीच. कितीतरी जण घेतात."

बियन मी-रानकडे वळला. "घरात आणखी कुणाचं असं झालं होतं?"

"माझ्या धाकट्या मुलाचं. रक्ताचा कर्करोग. आटोक्यात आला म्हणून घरी आणला होता. मग नव्या गोळ्या लागल्या. केस गेले, ताप चढला… रोगानेच नेला त्याला."

"रोगाने, की गोळ्यांनी?"

डॉक्टरांचा चेहरा उतरला. दोन्ही गोळ्या एकाच कुळातल्या होत्या. त्यांनी युन-हीचं रक्त जनुक-तपासणीसाठी राजधानी सोलला पाठवलं.

निकाल आला तेव्हा प्योबाईही चौकीतून सुटून आली होती. बियन म्हणाला, "काढा निर्दोष आहे. मारतेय ती गोळी. जनुकं ज्या विटांची बनतात, तशा खोट्या विटा ती शरीरात तयार करते. त्या बांधकामात शिरण्याआधी निकामी करणारं एक एन्झाइम असतं. युन-हीत ते जवळजवळ नाहीच. म्हणून इतरांचं औषध तिला विष झालं. धाकट्यालाही तसंच झालं असणार."

"नाही म्हणजे? गेलं कुठे?" मी-रानने विचारलं.

"जन्मतःच नाही. एक सदोष जनुक वडिलांकडून आलं." बियन अडखळला. "एक तुमच्याकडून."

"आता उपाय?"

"ती इथे दाखल झाली त्याच दिवशी गोळ्या बंद केल्या," डॉक्टर म्हणाले. "पेशी परत येईपर्यंत वाट बघायची."

मी-रानने दोन्ही मनगटं बियनपुढे धरली. "हे तर वारले. मग मला न्या, साहेब. दोन्ही लेकरांना मीच दिलं ना?"

बियनने तिचे हात नुसते धरून ठेवले. प्योबाई येऊन तिच्या खांद्याला खांदा लावून बसली.

पेशी वाढायला लागण्याआधीच तापाने युन-हीला नेलं.