चढाला बंद पडणारी गाडी

करंजी घाटाच्या दुसऱ्या वळणावर एक जुनी पांढरी गाडी उभी होती, आणि तिला टेकून एक मुलगी शांतपणे सीताफळ खात होती. भाद्रपदातली भुरभुर चालू होती. फोन आल्यावर पोचलेल्या चेतनने मोटरसायकल थांबवली, हात फडक्याला पुसले आणि आधी तिच्याकडून किल्ली घेऊन टाकीचं झाकण उघडून आत डोकावून पाहिलं. पेट्रोलच्या काट्यावर त्याचा कधीच विश्वास नसे. पेट्रोल होतं. मग त्याने बॉनेट उघडलं, पंपाची नळी चाचपली आणि म्हणाला, "मारा स्टार्टर."

गाडी चालू झाली.

"काय केलंत?" तिने विचारलं.

काय केलं ते त्यालाही कळलं नव्हतं. पण तिने उरलेलं अर्धं सीताफळ पुढे केलं, आणि ते कबूल करायचं राहून गेलं.

ती माधुरी. पाथर्डीच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर; सावेडीहून रोज ये-जा करायची. गाडी वडिलांची, कार्बोरेटरवाली, तिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी. चेतनचं गॅरेज घाटाच्या पायथ्याला, करंजीत. आठवड्याभरात तिचा पुन्हा फोन आला. मग आणखी एकदा. सकाळी वाटेत पंपावर पेट्रोल भरून ती बिनघोर पाथर्डीला पोचे. संध्याकाळी घाट चढताना मात्र गाडी आचके देई आणि बंद पडे. चेतनने कार्बोरेटर खोलला, जेट फुंकून साफ केले, फिल्टर बदलला, पंपाचा पडदा बदलला. गॅरेजात गाडी तासभर चालायची. चढावर पेट्रोल पुढे येतच नसे. आणि तो पोचला की पाच मिनिटांत चालू.

शेजारचा चहावाला बन्सीमामा एकदा म्हणाला, "ती गाडी तुला बघून चालू व्हती, आन् तू तिच्या मालकिणीला बघून बंद पडतो. आधी कुनाला दुरुस्त करायचं?"

चौथ्या वेळी माधुरीने सांगितलं, की आबांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, निकाल दिलाय. आता गाडी रस्त्यात थांबली तर सरळ भंगारात, एसटीने जायचं. चेतन गोंधळला. एसटी गॅरेजपाशी थांबत नाही. आणि बिघाड सापडला, तर ही गाडीही थांबणार नाही. आपल्याला नक्की काय हवंय, हे त्याला ठरवता येईना.

पाचव्यांदा फोन आला तेव्हा तिने टाकी सकाळीच भरल्याचं आधीच सांगितलं. त्यामुळे तो थेट बॉनेटला भिडला. अर्धा तास गेला. गाडी ढिम्म.

"एक सांगू?" माधुरी म्हणाली. "गाय आजारी पडली की आम्ही विचारतो, नेहमीपेक्षा आज वेगळं काय झालं. आज तुम्ही झाकण उघडलं नाहीत."

"कसलं झाकण?"

"टाकीचं. तुम्ही आलात की आधी हात पुसता. डावा, मग उजवा. मग झाकण उघडता. मग माझ्याकडे न बघता बॉनेटकडे जाता..." ती अडखळली. "चार वेळा बघितलंय मी."

त्याने झाकण फिरवलं. सुस्स करून हवा आत शिरली. गाडी चालू झाली.

बिघाड एवढासाच होता. टाकीतलं पेट्रोल कमी होईल तशी आत हवा यावी लागते; त्यासाठी जुन्या झाकणाला बारीक छिद्र होतं. श्रावण संपता संपता पेट्रोल चोरीला गेलं म्हणून आबांनी कुलपाचं नवं झाकण बसवलं, ते पार हवाबंद. मग इंजिनाच्या पंपाने कितीही ओढलं तरी पेट्रोल येणार कुठून? सकाळी पेट्रोल पंपावर झाकण उघडलं जायचं, संध्याकाळी चेतन उघडायचा. महिनाभर तो उपाय करत होता आणि रोग शोधत होता. हे त्याला समजलं. डावा मग उजवा, हे तिच्या लक्षात कसं राहिलं ते काही समजेना.

गॅरेजात येऊन त्याने झाकणाला बारीक छिद्र पाडलं. चढावर एकदा पाहायला हवं म्हणून तो तिच्या शेजारी बसला. दुसरं वळण गेलं. तिसरं गेलं. चेतन इंजिनाचा आवाज ऐकत होता. आवाजात खोट नव्हती. दुरुस्त केलेली गाडी बंद पडावी, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. घाटमाथा आला. आता त्याला उतरायला हवं होतं. करंजीला जाणारी जीप कुठलीही मिळाली असती.

गाडी कडेला गेली आणि इंजिन थांबलं.

"बंद पडली?" त्याचा हात दाराकडे गेला.

"नाही. मी बंद केली." तिने स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. "आज बॉनेट नका उघडू, चेतन."

त्याने दाराकडे गेलेला हात मागे घेतला. काचेवर भुरभुर साचत गेली, समोरचा रस्ता दिसेनासा झाला.

"आबा विचारतील, गाडी नीट झाली तर उशीर का झाला," ती हळूच म्हणाली. "काय सांगू?"

तो पहिल्यांदाच तिच्याकडे वळून बघत होता.

"सांगा, गाडीत काय बी दोष न्हाई. उशीर का झाला ते... ते मी सांगतो. रविवारी. घरी येऊन."

माधुरीने मान खाली घातली. हसू मात्र तिला लपवता आलं नाही.

"रविवारी दहानंतर या. आबा आंघोळ उरकून बसलेले असतात," ती म्हणाली, आणि गाडी चालू करायची तिने मुळीच घाई केली नाही.